वृत्तपत्रीय माहितीचित्रांतील सुस्पष्टता आणि सचोटी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

७ एप्रिल १८०६ रोजी लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकाने एका खुनाच्या खटल्याच्या वृत्तासोबत एका घराचा आराखडा छापला. आयझॅक ब्लाइट या गृहस्थाचा त्याच्या घरी गोळी घालून खून झाला होता आणि त्याचा सहकारी रिचर्ड पॅच याच्यावर खटला चालला होता. न्यायालयातील साक्षी समजण्यासाठी घराची रचना ठाऊक असणे आवश्यक होते, आणि ती केवळ शब्दांतून उमगणे अवघड होते. वृत्तपत्रीय माहितीचित्राच्या आरंभीच्या उदाहरणांत या आराखड्याची गणना केली जाते.

त्यानंतर २०५ वर्षांनी, मे २०११ मध्ये, जगभरच्या वृत्तपत्रांनी आणखी एका घराचा आराखडा छापला. ते घर पाकिस्तानातील अबोटाबादचे होते. तेथे अमेरिकी सैनिकांनी ओसामा बिन लादेन यास ठार केले होते. तंत्र, रंग आणि रेखाटन या सर्व बाबतींत ही चित्रे १८०६ च्या आराखड्याहून कितीतरी सरस होती. परंतु १८०६ च्या आराखड्यामागे न्यायालयात तपासलेल्या साक्षी होत्या, तर २०११ च्या अनेक चित्रांमागे केवळ तर्क होता.

माहितीचित्र म्हणजे आकडे, स्थळे, क्रम किंवा रचना यांविषयीची माहिती आलेख, नकाशा, आराखडा अथवा चिन्हांच्या साह्याने दृश्य रूपात मांडणारी वृत्तकृती. तिच्याविषयीच्या चर्चेत सुस्पष्टता आणि नीतिमत्ता हे दोन वेगळे विषय मानण्याचा प्रघात आहे. सुस्पष्टता हे रेखाटनकाराचे कौशल्य आणि सचोटी ही संपादकाची जबाबदारी, अशी ही वाटणी आहे. ही वाटणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच रेषेने सांगावे, हा सुस्पष्टतेचा नियम आहे आणि तोच नीतीचाही नियम आहे. अस्पष्ट घटनेचे सुस्पष्ट चित्र हे माहितीचित्र नव्हे, तो वाचकाचा विश्वासभंग आहे. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून २०२० पर्यंतच्या काही निवडक उदाहरणांचा येथे विचार केला आहे.

१. प्लेफेअर : माहितीच्या मर्यादेतून जन्मलेला आलेख

आधुनिक सांख्यिकी आलेखाचे जनकत्व सामान्यतः विल्यम प्लेफेअर (१७५९-१८२३) या स्कॉटिश लेखकाकडे दिले जाते. जेम्स वॅट यांच्याकडे आरेखक म्हणून काम केलेल्या प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापार व राज्यकारभारविषयक आलेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील ४४ आलेखांपैकी ४३ कालक्रमदर्शक आहेत. इंग्लंडची आयात-निर्यात वर्षानुवर्षे कशी वाढली वा घटली, हे त्यांत रेषांच्या चढउतारांनी दाखविले आहे. उरलेला एकच आलेख वेगळा आहे. तो स्कॉटलंडच्या १७ ठिकाणांशी चाललेल्या व्यापाराचा असून त्यात रेषांऐवजी आडवे स्तंभ आहेत. आज शाळकरी मुलांनाही परिचित असलेला स्तंभालेख तो हाच.

या स्तंभालेखाच्या जन्माचे कारण मननीय आहे. स्कॉटलंडविषयी प्लेफेअरजवळ केवळ एका वर्षाचे, म्हणजे १७८०च्या नाताळापासून १७८१च्या नाताळापर्यंतचे, आकडे होते. एका वर्षाच्या आकड्यांतून चढउताराची रेषा निघत नाही. इंग्लंडच्या आकड्यांवरून अंदाज बांधून स्कॉटलंडची रेषा ओढणे त्याला अशक्य नव्हते. त्याने ते केले नाही. जेवढे ठाऊक होते तेवढेच दाखविणारा नवा आकार त्याने शोधला, आणि काळाचे परिमाण नसल्याने हा आलेख इतरांपेक्षा कमी उपयुक्त आहे अशी कबुलीही दिली. स्तंभालेख हा अशा रीतीने माहितीच्या उणिवेपुढे दाखविलेल्या संयमाचे अपत्य आहे.

२. स्नो आणि नाइटिंगेल : पुरावा आधी, चित्र नंतर

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. जॉन स्नो या वैद्याने मृतांच्या घरांची चौकशी करून ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाच्या पाण्याकडे निर्देश केला आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. स्नोचा नकाशा विख्यात आहे. प्रत्येक मृत्यूमागे एक लहान काळी रेघ, आणि रेघांची सर्वाधिक दाटी पंपाभोवती.

लोकप्रिय लेखनात या प्रसंगाची कथा अशी सांगितली जाते की, स्नोने नकाशा काढला, त्यावरून रोगाचे मूळ सापडले आणि साथ थांबली. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. हा नकाशा स्नोच्या ग्रंथाच्या १८५५ मधील दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. पटकी पाण्यातून पसरते हे मत तर त्याने १८४९ मध्येच मांडले होते. दांडा निघण्यापूर्वीच साथ ओसरू लागली होती, हेही स्नोने स्वतः नमूद केले आहे. म्हणजे नकाशाने शोध लावला नाही, शोध वाचकाला पटवून दिला.

स्नोच्या मांडणीत जेथे रेघा नाहीत त्या जागाही बोलक्या आहेत. पंपाजवळच्या गरिबांच्या श्रमगृहात ५३५ व्यक्ती असूनही तेथे पटकीचे केवळ ५ मृत्यू झाले, कारण तेथे स्वतःची विहीर होती. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील ७० हून अधिक कामगारांपैकी कोणीही पटकीने दगावला नाही. आपल्या मताशी वरवर विसंगत दिसणारी ही स्थळे स्नोने टाळली नाहीत, त्यांची कारणे शोधली.

याच काळात क्रिमियन युद्धातील रुग्णालयांचा अनुभव घेऊन परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञांच्या साह्याने सैनिकांच्या मृत्यूची आकडेवारी जमविली. रणांगणावरील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले, हे सत्य त्यांना राज्यकर्त्यांपुढे ठेवायचे होते. त्यासाठी १८५८ मध्ये त्यांनी वर्तुळाकार मासिक आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्या आधीच्या एका आकृतीत मृत्यूचे प्रमाण केंद्रापासूनच्या अंतराने दाखविले होते. परंतु वाचकाची दृष्टी अंतर मोजत नाही, ती रंगविलेले क्षेत्रफळ पाहते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्रफळ चौपट होते, आणि त्यामुळे मोठे आकडे वास्तवाहून अधिक मोठे भासतात. ही उणीव ध्यानी आल्यावर तशी शुद्धिसूचना जोडण्यात आली आणि पुढील आकृत्यांत संख्या व क्षेत्रफळ यांचे प्रमाण जुळविण्यात आले.

ही चूक नाइटिंगेल यांच्या बाजूची होती, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. फुगलेले क्षेत्रफळ त्यांच्या प्रतिपादनाला अधिक दाहक करीत होते, आणि प्रतिपादन खरे होते. तरीही दुरुस्ती करण्यात आली. उद्देश सत्य असला तरी प्रमाण असत्य चालणार नाही, हा दंडक येथे घालून दिला गेला. याच आकृत्या पुढे हॅरिएट मार्टिनो या पत्रकार लेखिकेच्या १८५९ मधील इंग्लंडच्या सैनिकांविषयीच्या ग्रंथात समाविष्ट झाल्या आणि सामान्य वाचकापर्यंत त्यांचा मार्ग खुला झाला.

वृत्तपत्रांतही ही शिस्त हळूहळू रुजत होती. १ एप्रिल १८७५ रोजी 'द टाइम्स'मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी तयार केलेला हवामानाचा नकाशा प्रसिद्ध झाला. तो आदल्या दिवशीच्या हवामानाचा होता. निरीक्षणाने जे ज्ञात झाले तेच त्यात रेखाटले होते, उद्याचे भाकीत नव्हे.

३. नॉयराथ : रूपांतरकाराची भूमिका

विसाव्या शतकात माहितीचित्राला सामाजिक शिक्षणाचे साधन बनविण्याचे श्रेय ऑटो नॉयराथ या ऑस्ट्रियन विचारवंताकडे जाते. १९२५ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांनी समाज व अर्थव्यवहार यांविषयीचे संग्रहालय सुरू केले. कामगारवर्गाला आकडेवारी सहज उमगावी, हा त्यामागील हेतू होता. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने त्यासाठी सुटसुटीत चिन्हे घडविली. पुढे ही पद्धत 'आयसोटाइप' या नावाने प्रसिद्ध झाली. १९३४ मध्ये राजकीय परिस्थितीमुळे नॉयराथ यांना व्हिएन्ना सोडून हेग येथे व नंतर १९४० मध्ये इंग्लंडला जावे लागले. व्हिएन्नातील त्यांचे सहकारी रूडॉल्फ मॉडली यांनी ही पद्धत अमेरिकेत नेली आणि तेथील नियतकालिकांतून चिन्हचित्रे दिसू लागली.

या पद्धतीचा मूलभूत नियम असा की, मोठी संख्या मोठ्या चिन्हाने दाखवू नये, अधिक चिन्हांनी दाखवावी. दुप्पट धान्योत्पादनासाठी दुप्पट उंचीचे पोते काढले तर कागदावरील क्षेत्रफळ चौपट होते, आणि पोत्याला खोलीचा आभास दिला तर घनफळ आठपट भासते. एकाच आकाराची दोन पोती काढली की हा भ्रम उद्भवत नाही, वाचक ती मोजू शकतो. नाइटिंगेल यांच्या आकृतीत जी अडचण आली, तिच्यावरील हा सर्वांत साधा तोडगा होता.

नॉयराथ यांच्या मंडळातील श्रमविभागणीही लक्षणीय आहे. तेथे आकडेतज्ज्ञ आणि चित्रकार यांच्यामध्ये 'रूपांतरकार' ही स्वतंत्र भूमिका होती. मारी रायडेमाइस्टर, म्हणजेच पुढे मारी नॉयराथ, यांनी ती दीर्घकाळ सांभाळली. आकड्यांतून काय सांगायचे, काय वगळायचे आणि काय तुलनेस ठेवायचे हे रूपांतरकार ठरवीत असे. वाचकाच्या वतीने आकड्यांना प्रश्न विचारणारी ही व्यक्ती होती. आजच्या वृत्तपत्र कार्यालयांत बातमीदार आकडे देतो आणि कलाविभाग ते रंगवितो. मधली ही जागा अनेक ठिकाणी रिकामी असते आणि बहुतेक चुका नेमक्या तेथूनच आत शिरतात.

४. मोजपट्टीची कसोटी आणि सजावटीचा वाद

१५ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेत 'यूएसए टुडे' हे दैनिक सुरू झाले. रंगीत हवामानपृष्ठ आणि लहान सजविलेले आलेख यांमुळे त्याने इतर वृत्तपत्रांनाही दृश्य मांडणीकडे वळविले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, एडवर्ड टफ्टी यांचा संख्यात्मक माहितीच्या दृश्य मांडणीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि आलेखाच्या सचोटीचा प्रश्न अभ्यासविषय बनला.

टफ्टी यांनी आलेखातील विपर्यास मोजण्यासाठी एक साधे गुणोत्तर सुचविले. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतील वाढ, असे त्याचे स्वरूप आहे. गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर आलेख प्रामाणिक. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये १९७८ साली मोटारींच्या इंधनकार्यक्षमतेविषयी छापलेला आलेख त्यांनी उदाहरणादाखल घेतला. गॅलनमागे १८ मैलांवरून २७.५ मैलांपर्यंत जाणारे उद्दिष्ट त्यात दाखविले होते. प्रत्यक्ष वाढ ५३ टक्के होती. परंतु चित्रातील रेषा ०.६ इंचावरून ५.३ इंचांपर्यंत, म्हणजे ७८३ टक्क्यांनी, वाढली होती. गुणोत्तर १४.८ आले. आकडे सर्व खरे होते, खोटी होती ती लांबी.

टफ्टी यांच्या विवेचनातून सजावट म्हणजे दोष, असा एक कठोर विचारप्रवाह निर्माण झाला. तो पूर्णतः ग्राह्य मानता येत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठातील स्कॉट बेटमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सजविलेले आलेख साध्या आलेखांइतकेच अचूकपणे वाचले गेले आणि दोन-तीन आठवड्यांनंतर ते अधिक स्मरणात राहिले, असे आढळले. तेव्हा चित्रमयता ही स्वतः अनैतिक नाही. सजावटीने प्रमाण बदलले अथवा नसलेली माहिती आत आणली, तरच ती आक्षेपार्ह ठरते.

प्रमाण न बदलताही दृष्टिभ्रम कसा होतो, याचे परिचित उदाहरण निवडणुकीच्या नकाशांत आढळते. महाराष्ट्रातील लोकसभेच्या ४८ मतदारसंघांचा नकाशा विजयी पक्षांच्या रंगांनी भरला की गडचिरोली-चिमूर हा विस्तीर्ण मतदारसंघ नकाशाचा मोठा भाग व्यापतो आणि मुंबईतील ६ मतदारसंघ एका कोपऱ्यात जेमतेम दिसतात. संसदेत मात्र गडचिरोलीची जागा एक आणि मुंबईच्या सहा. भूगोल म्हणून हा नकाशा अचूक आहे, निकालाचे चित्र म्हणून तो फसवा आहे. प्रत्येक मतदारसंघास समान आकाराचा चौकोन देणारी मांडणी अशा वेळी अधिक न्याय्य ठरते.

५. न पाहिलेल्याचे चित्रण : १९९१ आणि २०११

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले तेव्हा पत्रकारांच्या वावरावर लष्करी निर्बंध होते आणि रणभूमीची छायाचित्रे दुर्मिळ होती. ती पोकळी नकाशे आणि शस्त्रास्त्रांच्या छेदचित्रांनी भरून काढली. मार्गदर्शित बाँब लक्ष्य कसे अचूक भेदतो, हे दाखविणारी चित्रे त्या काळाची ओळख बनली. १९९७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या हवाई मोहिमेचे मूल्यमापन केले. शस्त्रांच्या अचूकतेविषयी लष्कराने व उत्पादकांनी केलेले अनेक दावे अतिशयोक्त होते, तसेच वापरलेल्या एकूण दारूगोळ्यात मार्गदर्शित शस्त्रांचा वाटा केवळ सुमारे ८ टक्के होता, असे त्यातून समोर आले. छेदचित्रातील यंत्ररचना खोटी नव्हती. परंतु अपवादाचे चित्र पुनःपुन्हा छापल्याने तोच नियम आहे, असा समज दृढ झाला.

२०११ मध्ये याहून गंभीर प्रकार घडला. २ मे रोजी अबोटाबादच्या कारवाईची बातमी आली. प्रत्यक्षदर्शी पत्रकार नव्हते, घराच्या आतील छायाचित्रे नव्हती. अधिकृत वृत्तांतही स्थिर नव्हता. लादेनने प्रतिकार केला व एका स्त्रीची ढाल केली, असे व्हाइट हाऊसकडून प्रथम सूचित झाले. दुसऱ्याच दिवशी तो निःशस्त्र होता असे सांगण्यात आले आणि ढालीचा तपशीलही मागे घेण्यात आला. दरम्यान अनेक माध्यमांनी खोल्या, जिने, सैनिकांचा मार्ग, लादेनची जागा, हे सर्व ठाम रेषांनी रेखाटून छापले होते. घटनास्थळी पडलेल्या हेलिकॉप्टरच्या शेपटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर तर ते यंत्र नेहमीच्या बनावटीचे नव्हते, हेही तज्ज्ञांच्या ध्यानात आले.

शब्दांतील वृत्तात बातमीदाराला 'असे समजते', 'अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार' अशी पदे वापरता येतात. चित्राच्या व्याकरणात अशी पदे सहजी उपलब्ध नाहीत. माणूस दाराच्या डावीकडे तरी काढावा लागतो किंवा उजवीकडे तरी. न ठाऊक असलेली जागाही चित्रात ठाऊक असल्यासारखी दिसते. दुसऱ्या दिवशी मजकूर दुरुस्त झाला तरी वाचकाच्या मनातील चित्र तसेच राहते.

या पार्श्वभूमीवर हुआन आंतोनियो हीनेर आणि आल्बेर्तो कैरो या दोन माहितीचित्रतज्ज्ञांनी त्याच महिन्यात सहा मुद्द्यांचे निवेदन मांडले. हार्वर्ड विद्यापीठाच्या नीमन प्रतिष्ठानाच्या व्यासपीठावरून ते प्रसृत झाले व अनेक देशांतील व्यावसायिकांनी त्यास पाठिंबा दिला. विश्वसनीय माहिती नसेल तर माहितीचित्र काढू नये, ज्ञात तथ्यांवर आधारलेले नाही ते त्यात असू नये, कल्पित वा असत्यापित गोष्ट तथ्य म्हणून सादर करू नये, स्रोत नमूद करावा, केवळ आकर्षकतेसाठी काल्पनिक घटक घालण्यास रेखाटनकाराने नकार द्यावा व संपादकाने तशी मागणी करू नये, आणि माहितीचित्राला पत्रकारितेचेच नीतिनियम लागू असावेत, असा त्याचा आशय होता. यातील पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नकार देण्याचा अधिकार व कर्तव्य त्याने रेखाटनकाराकडे सोपविले.

६. अनिश्चितता आणि क्रम : अलीकडील दोन धडे

अज्ञाताविषयी मौन पाळणे सोपे नसले तरी शक्य असते. अर्धज्ञाताचे चित्रण त्याहून कठीण आहे. चक्रीवादळाच्या संभाव्य मार्गाचा शंकू हे त्याचे उदाहरण होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या पद्धतीनुसार वादळाचे केंद्र सुमारे दोन तृतीयांश वेळा ज्या पट्ट्यात राहील, तो पट्टा या शंकूने दर्शविला जातो. अनेक वाचक मात्र तो शंकू म्हणजेच वादळाचा विस्तार समजतात आणि शंकूबाहेरील आपले गाव सुरक्षित मानतात. भारतीय हवामान विभागाच्या चक्रीवादळविषयक नकाशांतही असा शंकू असतो, त्यामुळे कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकासाठी हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. अनिश्चितता दाखविणे पुरेसे नाही, ती कशाची अनिश्चितता आहे हे चित्रातच सांगणे आवश्यक आहे.

दुसरा धडा मे २०२० मधील आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने कोविडबाधितांची संख्या दाखविणारा एक स्तंभालेख प्रसिद्ध केला. त्यात स्तंभ डावीकडून उजवीकडे उतरत जाताना दिसत होते. बारकाईने पाहता आडव्या अक्षावरील तारखाच कालक्रमाने लावलेल्या नव्हत्या. टीका झाल्यावर आलेख दुरुस्त करण्यात आला व दिलगिरी व्यक्त करण्यात आली. आकडे, उंची व रंग सर्व बरोबर असूनही केवळ क्रम मोडल्याने साथ ओसरत असल्याचा आभास निर्माण झाला. अशा सरकारी आलेखाची नक्कल करून छापणाऱ्या वृत्तपत्रावर तो तपासण्याची जबाबदारी उरतेच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) माहितीचित्रातील अपप्रकार तीन प्रकारचे आहेत : प्रमाणाचा विपर्यास, निवडीचा व क्रमाचा विपर्यास, आणि अज्ञाताचे ठाम चित्रण. पहिला मोजपट्टीने पकडता येतो, दुसरा मूळ आकडेवारी पाहून. तिसरा केवळ चित्राकडे पाहून पकडता येत नाही, म्हणून तो सर्वांत धोक्याचा आहे.

२) या क्षेत्रातील टिकाऊ प्रगती माहितीच्या मर्यादा मान्य करण्यातून झाली आहे. प्लेफेअरचा स्तंभालेख, नाइटिंगेल यांची दुरुस्ती, नॉयराथ यांची मोजता येणारी चिन्हे ही त्याची साक्ष होत.

३) रूपांतरकाराची जागा रिकामी राहिल्याने बहुसंख्य दोष उद्भवतात. महाविद्यालयांतील पत्रकारिता, संख्याशास्त्र आणि भूगोल या विभागांनी एकत्र येऊन ही भूमिका शिकविणे शक्य आहे. विद्यार्थ्याच्या माहितीचित्राचे मूल्यमापन करताना रंगसंगतीपूर्वी एक प्रश्न विचारला जावा : यातील प्रत्येक रेषेमागे कोणता पुरावा आहे?

१८०६ मधील घराचा आराखडा आणि २०११ मधील घराचे चित्र यांतील अंतर तंत्राचे नाही, याच प्रश्नाच्या उत्तराचे आहे. पहिल्या घरातील वाटा न्यायालयातील साक्षींनी पुन्हा चालून पाहता येत होत्या. दुसऱ्या घरातील अनेक वाटा केवळ कागदावरच होत्या, आणि वाचकाला ते ओळखण्याचा कोणताही मार्ग ठेवलेला नव्हता.